बारा बेअरिंग आणि पावशेर मासा

हॉस्टेलमध्ये ‘मी नवीन रीळ घेतलं’ असं म्हटलं, की समोरचा आधी मोबाइल काढतो. ‘दाखव बे, किती व्ह्यूज आले?’ मग मी कपाटातून एक मूठभर यंत्र काढतो, त्याची दांडी फिरवून दाखवतो, आणि पुढचा प्रश्न पहिल्यापेक्षाही जिव्हारी लागतो. ‘पावशेर माशासाठी एवढे पैसे? बाजारात मासे मिळत नाहीत का?’

मिळतात. आमच्या अंजनगावच्या बाजारात तर माझ्या रिळाच्या किमतीत कित्येक महिने पुरतील एवढे मिळतात. पण क्रिकेट खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, धावा काढायच्या तर बॅट कशाला, नुसतं पळ की! असो. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की गेल्या वर्षभरात आपल्या हॉस्टेलमधल्या पाच जणांनी गळाची काठी आणि रीळ घेतलं, आणि पाचही जणांनी ते एकाच पद्धतीनं निवडलं : खोक्यावरचा बेअरिंगचा आकडा बघून. त्यात मी पहिला. आम्ही पाचातले चार मेकॅनिकलचे आहोत, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. हा लेख त्या आकड्याविरुद्ध आहे.

मी अंजनगाव सुर्जीचा. इतिहासाच्या पुस्तकात आमचं गाव एका ओळीत येतं : ३० डिसेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातला सुर्जी-अंजनगावचा तह. भरूच, अहमदनगरचा किल्ला, गंगा-यमुनेच्या मधला मुलूख असं बरंच काही त्या एका दिवसात गेलं. (या तहाची आठवण पुढे एका कारणासाठी येणार आहे.) पुस्तकाबाहेरचं अंजनगाव म्हणजे पानमळे, पानपिंपरी, संत्री, कापूस आणि शहानूर नदी. नदी सातपुड्यातून उतरते आणि पुढे पूर्णेच्या पाण्यात जाते. वर डोंगराच्या पायथ्याशी शहानूर धरण आहे. पावसाळा ओसरला की नदीच्या डोहांत आणि आजूबाजूच्या तळ्यांत चिलापी असतो, मरळीची पिल्लं असतात, हाताच्या पंजाएवढे खवल्यांचे मासे असतात. मोठ्या माशांसाठी जाळं घेऊन जाणारे भोई बांधव आहेतच. माझ्यासारख्या हौशी माणसाच्या वाट्याला येतो तो पावशेर, फार तर अर्धा किलो. म्हणूनच अल्ट्रालाइट. म्हणजे दोन-तीन ग्रॅमचं चमचमणारं फिरतं आमिष, केसासारखी बारीक तंगूस, सहा फुटांची लवचीक काठी आणि तिच्याखाली दोनशे ग्रॅमच्या आसपासचं रीळ. सगळंच हलकं. आणि सगळंच हलकं असल्यामुळे त्यात एक जरी गोष्ट अडखळली तर झाकायला जागा नाही.

माझं पहिलं रीळ बारा बेअरिंगचं होतं. खरं तर ‘१२+१’. तो अधिकचा एक कशाचा, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, दुकानदार जिलेबीवर एक जास्त टाकतो तसं काहीतरी असेल. (नंतर कळलं, तो एक म्हणजे दांडी उलटी फिरू नये म्हणून बसवलेला एकदिशा रोलर क्लच.) कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीपेक्षा माझा जास्त होता. दुकानात मी दांडीला टिचकी मारली, ते भिंगरीसारखं फिरत राहिलं, आणि मी खूश! पैसे दिले ते या सेमिस्टरच्या पुस्तकांचे होते. आई हे मासिक वाचत नाही, म्हणून लिहितो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शहानूरच्या एका डोहावर मी ते घेऊन गेलो. तिथे एक काकाजी नेहमी बसलेले असतात. त्यांच्याकडे काठीसुद्धा नाही. बोटाला गुंडाळलेली तंगूस, ज्वारीच्या धांड्याचा तरंगता तुकडा, गळाला गांडूळ, बस्स. तासाभरात त्यांच्या पिशवीत सात-आठ मासे. माझ्या स्पिनरला साडेदहाच्या सुमारास पहिला दणका बसला. मरळ होती, माझ्या मनगटाएवढी, म्हणजे माझ्या तोवरच्या आयुष्यातला सर्वात मोठा मासा. तिनं खालच्या झाडोऱ्याकडे मुसंडी मारली. काठी वाकली, वाकली... आणि ‘टच्’! काठी सरळ. तंगूस गाठीपाशी तुटली होती. रिळातून एक वीतसुद्धा सुटली नव्हती.

मासा गेला याचं दुःख होतंच. पण काकाजींनी जे म्हटलं ते जास्त लागलं. ते म्हणाले, ‘काऊन रे बापू, तुह्या यंत्रानं त्याले ढीलच देली नाई. आता तो गरी तोंडात घेऊन फिरते.’

त्या रात्री झोप आली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. झोप आली. पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवलं. आपण पकडलेला मासा खाल्ला तर ठीक, सोडला तर अजून ठीक. पण तिसराच प्रकार झाला होता. ती मरळ कुठल्यातरी झाडोऱ्यात तीन काट्यांचा गळ आणि पितळेची पाती जबड्यात घेऊन बसली होती. ती खाऊ शकत असेल का? आणि हे होण्याचं कारण माझं नशीब नव्हतं, माझी खरेदी होती.

‘ढील’ हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. संक्रांतीला चक्री धरून कोण उभं राहिलेलं नाही? समोरच्याचा पतंग अंगावर आला की ढील द्यायची, वारा पडला की खेचायचं. पण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे पतंग गच्चीवर राहतो आणि ‘फ्रिक्शन’ पुस्तकात. काकाजींनी दोन्ही एका वाक्यात जोडलं. रिळाच्या डोक्यावर जो खटका असतो, ज्याला सगळे ड्रॅग म्हणतात, त्याचं काम म्हणजे ढील देणं. एवढंच.

त्याची रचना आपल्या ओळखीची आहे. तंगूस ज्यावर गुंडाळलेली असते त्या स्पूलच्या आत चकत्यांची एक चळत असते. काही धातूच्या, काही नमद्याच्या किंवा कार्बनच्या. वरचा खटका पिळला की चळतीवरचा दाब वाढतो. मासा त्या घर्षणापेक्षा जास्त ओढेल तर स्पूल सरकतं आणि तंगूस सुटते. मोटारसायकलच्या क्लचचा हा धाकटा भाऊ. आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. थांबलेली वस्तू हलवायला जो जोर लागतो तो, आणि हललेली वस्तू हलती ठेवायला लागतो तो, हे दोन वेगळे असतात. पहिला जास्त, दुसरा कमी. आपण सगळ्यांनी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलंय, उतरत्या फळीवरचा ठोकळा काढलाय. पण रीळ घेताना तो ठोकळा कोणालाच आठवला नाही.

सुट्टीनंतर हॉस्टेलवर आलो आणि सामान मोजायचा आकडेवाला वजनकाटा तंगुशीच्या टोकाला बांधला. रूममेटनं रीळ धरलं, मी काटा हळूहळू ओढला. स्पूल सरकत असताना काटा सातशे ग्रॅम दाखवत होता. मी नदीवर तेवढंच लावलं होतं, हातानं ओढून अंदाजानं. पण सरकायला सुरुवात होण्याच्या क्षणी? दीड किलो! म्हणजे दुपटीहून जास्त. माझी तंगूस होती ४ पौंडांची, म्हणजे १.८ किलोची. गाठ मारल्यावर ती तेवढीही राहत नाही, त्यात माझी गाठ. मरळीनं पहिला झटका दिला तेव्हा ड्रॅग अजून विचार करत होता.

जाड तंगूस वापरणाऱ्यांना हा दोष कळतच नाही. दहा किलोच्या तंगुशीला अर्ध्या-पाऊण किलोचा धक्का म्हणजे काहीच नाही. अल्ट्रालाइटमध्ये मात्र तो धक्का म्हणजेच सगळं. जाणकारांचा नियम असा की ड्रॅग तंगुशीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा लावावा. १.८ किलोच्या पाव म्हणजे ४५० ग्रॅम, तिसरा हिस्सा म्हणजे ६००. म्हणजे आपल्याला जो ड्रॅग लागतो तो अर्ध्या किलोच्या आसपासचा, आणि तो अर्ध्या किलोवर गुळगुळीत हवा. खोक्यावर काय छापलेलं असतं? ‘मॅक्स ड्रॅग ५ किलो!’ पाच किलोची ओढ लागेपर्यंत माझी तंगूस दोनदा तुटून झालेली असेल. हे म्हणजे सायकलवर दोनशेच्या आकड्यापर्यंतचा स्पीडोमीटर लावून विकण्यासारखं झालं. आणि तरी आपण तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवतो.

यात अजून एक गंमत आहे, जी मला कागदावर बसल्यावरच दिसली. ड्रॅगचं घर्षण म्हणजे टॉर्क, आणि तंगुशीवरची ओढ म्हणजे तो टॉर्क भागिले त्रिज्या. स्पूल भरलेलं असताना व्यास ४२ मिलिमीटर धरा. मासा पळत गेला, बरीच तंगूस निघाली, व्यास ३५ वर आला. खटक्याला कोणी हात लावला नाही, तरी ओढ ४२ भागिले ३५, म्हणजे १.२ पट झाली. मासा जितका दूर, तितकी पकड आपोआप घट्ट! म्हणून लांब पळालेल्या माशाला खटका उलट थोडा सैल करायचा असतो. आपला हात मात्र घाबरून नेमका घट्ट करायला जातो. (दौलतराव शिंद्यांना एका दिवसात एवढी ढील द्यावी लागली, कारण त्याआधी योग्य वेळी खटका कोणी सैल केला नसावा, असं माझं मत. इतिहासाच्या सरांचं वेगळं असू शकेल.)

आता बेअरिंगकडे येतो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. बेअरिंग वाईट नाहीत. पण ती कुठे आहेत ते बघा. दांडीनं फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या दोन बाजूंना दोन, पिनियनला एक, आणि जिथून तंगूस वळून स्पूलवर जाते त्या छोट्या रोलरला एक. ही चार चांगली असली तर रीळ चांगलं फिरतं. बाकीची आठ कुठे असतात? मी माझं रीळ उघडलं. (परत जुळवताना एक स्प्रिंग उरली, ती अजून टेबलावर आहे.) दोन दांडीच्या मुठीत होती, जिथे एक प्लास्टिकचं बुशही पुरलं असतं. काही अशा जागी होती, जिथे मला काही फिरताना दिसलंच नाही. बेअरिंग स्वस्त असतं, बारा छापणं त्याहून स्वस्त. गिअर नीट कापणं मात्र महाग पडतं.

आणि खरी मऊ चाल गिअरमधून येते. दांडी फिरते आडव्या अक्षावर, रोटर फिरतो तिच्याशी काटकोनात, आणि हे दोन अक्ष एकमेकांना छेदतही नाहीत, जरा बाजूनं जातात. म्हणजे थिअरी ऑफ मशीन्समधला हायपॉइडच्या जातीचा प्रकार, तोही एवढ्याशा जागेत. दात जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतील तर नवीन असताना सगळं मऊ लागतं, कारण आत ग्रीस ठासून भरलेलं असतं. दोन महिन्यांनी दात घासले की दांडी फिरवताना हातात खरखर येते, गिरणीत दळण टाकल्यासारखी. दुकानात टिचकी मारून फिरवण्यातून यातलं काहीच कळत नाही. टिचकीवर फिरणारी गोष्ट रिकामी फिरत असते. रीळ ओझ्याखाली कसं फिरतं ते बघायचं असतं.

हे यंत्र मुळात आलं कुठून, ते शोधताना मला जे सापडलं ते वाचून आपल्या टेक्स्टाइलच्या पोरांची कॉलर ताठ होईल. शर्टाच्या बटणाला लावायचं दोऱ्याचं रीळ घ्या. दोरा बाजूनं ओढला तर रीळ गरगर फिरतं. ओढणं थांबवलं तरी ते स्वतःच्या वेगानं फिरत राहतं आणि दोऱ्याची गुंतवळ होते. आता तेच रीळ टेबलावर उभं धरा आणि दोरा वरच्या कडेवरून ओढा. रीळ जागचं हलत नाही, दोरा वेढे सोडत निघून येतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर-गिरणीचे मालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी सूतगिरणीतल्या बॉबिनची हीच रीत मासेमारीत आणली आणि १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आमिष फक्त दोन-तीन ग्रॅमचं असेल, तर त्याच्यात स्पूल फिरवण्याइतका जोर नसतो. म्हणून स्पूल स्थिर ठेवायचं आणि तंगूस नुसती कडेवरून घसरू द्यायची. हलक्या मासेमारीचा सगळा जन्म या एका कल्पनेत आहे. ज्या वऱ्हाडानं पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवला, त्या वऱ्हाडातल्या पोराला हे एका लोकर-गिरणीवाल्याकडून कळावं!

पुढची नावंही अशीच आहेत. युद्धानंतर जगभर गाजलेलं मिचेल ३०० हे रीळ फ्रान्समध्ये क्लूझ गावच्या कार्पानो आणि पोन्स या कंपनीचं, आणि क्लूझ म्हणजे घड्याळाचे भाग बनवणाऱ्यांचं गाव. आणि आपल्यातल्या काहींच्या सायकलवर ज्यांचे गिअर आहेत ती शिमानो कंपनी १९२१ साली जपानच्या साकाई शहरात सुरू झाली, आधी सायकलचे फ्रीव्हील बनवायला. मासेमारीच्या सामानात ती १९७० साली आली. म्हणजे सूतगिरणी, घड्याळ आणि सायकल. या तिघांना बेअरिंग मोजता येत नव्हती का? येत होती. पण त्यांचं बळ अचूक दात कापण्यात आणि धातू घडवण्यात होतं.

वजनाबद्दल माझं मत जरा उलटसुलट झालेलं आहे, ते तसंच लिहितो. हलकं रीळ हवंच. सकाळभरात तीन-चारशे वेळा फेकायचं म्हटलं की पन्नास ग्रॅमचा फरक मनगटाला कळतो. पण हलकं कुठे, हा प्रश्न विचारायला हवा. रीळ आपल्या मुठीखालीच असतं, त्यामुळे त्याच्या अंगाचं वजन फारसा मोमेंट तयार करत नाही. काठीच्या टोकाचे दहा ग्रॅम त्याहून जास्त जाचतात. रिळात हलका हवा तो रोटर, म्हणजे तंगुशीभोवती फिरणारा भाग. तो अक्षापासून लांब फिरतो, आणि त्रिज्येचा वर्ग आपण सगळे जाणतो. रोटर जड असला तर दांडी सुरू करताना अडते आणि थांबवताना पुढे ढकलते. आमिषाला माशानं नुसतं नाक लावलं तर ते त्या ढकलाढकलीत हाताला कळतच नाही. याउलट अंग फारच हलकं, म्हणजे पातळ प्लास्टिकचं केलं, तर ओझं आल्यावर ते किंचित पिळवटतं, गिअरचे दात तिरके बसतात, आणि पुन्हा तीच खरखर. चांगल्या कार्बन-मिश्रित अंगाची किंवा मॅग्नेशियमची रिळं दोनशे ग्रॅमच्या आत येतात आणि पिळवटतही नाहीत, पण तिथे किंमत बघून मी खोकं खाली ठेवलं. आपल्या खिशाला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचं, साधं पण घट्ट रीळ बरं. वीस ग्रॅम वाचवण्यासाठी मी तरी ड्रॅग आणि गिअर सोडणार नाही.

आकाराचं थोडक्यात. १००० किंवा २००० नंबरचं रीळ या कामाला चालतं, पण एका कंपनीचा १००० म्हणजे दुसरीचा १००० असं समजू नका. स्पूल रुंद आणि उथळ असावं. १०० मीटर ०.२० ची तंगूस मावेल एवढं खूप झालं. त्याच स्पूलवर ०.२८ ची भरली तर क्षेत्रफळाच्या हिशेबानं ५१ मीटरच मावते. आणि काठोकाठ भरू नका, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. मी पहिल्यांदा हौसेनं कडेपर्यंत भरली होती आणि पहिल्या फेकीतच एवढी गुंतवळ झाली की काकाजींनी तिच्याकडे बघून विडी पेटवली. ५.२ च्या गिअरला एका फेऱ्यात साधारण ६८ सेंटिमीटर तंगूस येते, ती पुरे. अजून एक चूक सगळे करतात : मासा ओढतोय, ड्रॅग सरकतोय, आणि आपण घाबरून दांडी फिरवतच आहोत. अशा वेळी तंगूस आत येत नाही, तिला नुसता पीळ पडतो, दांडीच्या एका फेऱ्याला पाचाहून जास्त पीळ. दोन मिनिटं असं केलं की तंगूस टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी होते.

मग दुसरं रीळ घेताना मी काय केलं? अमरावतीला गेलो. तंगुशीचा मीटरभर तुकडा आणि तोच वजनकाटा खिशात नेला. दुकानदाराला म्हटलं, भाऊ, स्पूलला हे बांधून बघू का? तो हसला, पण नाही म्हणाला नाही. ड्रॅग अर्ध्या किलोवर लावला आणि हळू ओढलं. झटका न लागता सरकतं का? थांबवून दोन मिनिटांनी परत ओढलं, कारण चकत्या थांबल्यावर एकमेकींना चिकटतात आणि खरी परीक्षा दुसऱ्या ओढीत होते. दांडी फिरवली ती रोटरला अंगठा टेकवून, थोड्या ओझ्याखाली आणि अगदी हळू. दांडी मागे-पुढे हलवून खेळ किती आहे ते पाहिलं. पाच रिळं बघितली. पास झालं ते चार बेअरिंगचं होतं, आणि दुकानातल्या नऊ बेअरिंगवाल्यापेक्षा स्वस्त. दुकानदार म्हणाला, ‘हे कोणी मागत नाही.’ मी काय बोलणार! ऑनलाइन मागवणाऱ्यांना ही परीक्षा आधी घेता येत नाही. त्यांनी निदान परत करण्याची मुदत संपायच्या आत तरी घ्यावी.

निगा राखण्याबद्दल एकच सांगतो, कारण ते आपल्याच भागाचं आहे. शहानूरवरून परत आल्यावर रीळ ओल्या फडक्यानं पुसायचं असतं. ते पाणी कुठलं हे बघा. दर्यापूरकडच्या माझ्या मित्रानं घरच्या बोअरच्या पाण्यात रीळ बुचकळून ठेवलं. तो आहे खारपाणपट्ट्यातला. पाणी वाळल्यावर रोलरच्या बेअरिंगवर पांढरा थर आला आणि पंधरा दिवसांत ते जाम झालं. समुद्र पाचशे किलोमीटरवर, आणि बिचाऱ्याचं रीळ मिठानं गेलं! नळाचं गोडं पाणी घ्या. आणि माझ्या रूममेटसारखं ड्रॅगच्या चकत्यांना शिवणयंत्राचं तेल पाजू नका. त्याच्या रिळाला आता फक्त ढीलच येते, पकड येत नाही.

आणखी एक. तळी आणि धरणं यांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तिथे गळ टाकण्याआधी विचारावं. विचारलं तर सहसा हो म्हणतात, न विचारता बसलं तर जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही. आणि डोंगरात वर मेळघाटच्या अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन जायचंच नाही, तो गुन्हा आहे.

माझा रूममेट, तोच तेलवाला, हे सगळं ऐकून म्हणाला की मग काकाजींसारखी बोटाला तंगूस गुंडाळ ना, फुकटात उत्तम ड्रॅग. त्याला उत्तर देणं अवघड आहे. गांडूळ लावून काठाजवळ बसायचं असेल तर त्याचं बरोबर आहे, बोटाइतका गुळगुळीत ड्रॅग कोणत्याच कंपनीनं अजून बनवलेला नाही. पण तीन ग्रॅमचं आमिष डोहाच्या पलीकडच्या काठाला पाठवायचं तर बोट पुरत नाही. तेवढ्यासाठीच रीळ. आणि म्हणून रिळाची तुलना बारा बेअरिंगच्या दुसऱ्या रिळाशी करूच नये, काकाजींच्या बोटाशी करावी. त्या परीक्षेत माझं नवीन रीळ फार तर सेकंड क्लासमध्ये पास आहे. पहिलं एटीकेटीतसुद्धा बसत नव्हतं.

फेब्रुवारीत घरी गेलो तेव्हा डोहावर काकाजी होतेच. नवीन रीळ दाखवलं. त्यांनी किती बेअरिंगचं ते विचारलं नाही, किंमत विचारली. मी अर्धी सांगितली. तरी ते ‘बाप्पा!’ म्हणाले. मग म्हणाले, ‘आन इकडे त्याचं टोक.’ तंगुशीचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, मला काठी धरून उभं केलं आणि स्वतः काठाकाठानं चालायला लागले. मधेच थांबायचे, मधेच एकदम झटका द्यायचे, मरळीसारखा. स्पूल कुरकुर न करता सुटत होतं. बाभळीपर्यंत गेले, तिला वळसा घातला आणि तिथून ओरडले, ‘हाव, आता देते ढील!’

परत येताना ते झाडोऱ्यापाशी थांबून पाण्यात वाकून बघत होते. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, ‘तुही गरी घेऊन गेलती ना एक, ते दिसते का पाह्यतो.’

दिसली नाही.